१९०८ आणि १९०९ चा इटालियन फुटबॉल विजेता कोण? देशी खेळाडूंपुरत्या स्पर्धेचा गुंता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयातल्या क्रीडा प्रश्नमंजुषेसाठी तुम्ही इटलीच्या फुटबॉल विजेत्यांची यादी करत आहात. अधिकृत यादीत १९०८ आणि १९०९ या दोन्ही वर्षांपुढे प्रो व्हर्चेल्ली हे नाव आहे. पण त्याच दोन वर्षांत युव्हेंटसनेही राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्याचं तुमच्या वाचनात आलं. दरवर्षी दोन स्पर्धा झाल्या आणि त्यांतली एक फक्त इटालियन खेळाडूंसाठी होती, हेही तुम्हाला कळलं. म्हणून तुम्ही विचारलं आहे, "भूमिपुत्रांची ती स्पर्धा खरी धरायची की दुय्यम? आणि असा प्रयोग पुढे कधी झाला का?"

दोन्ही वर्षांना एकच नियम लागू होईल, असं तुम्ही गृहीत धरलं आहे आणि खरी अडचण तिथेच आहे. १९०८ मध्ये देशी खेळाडूंपुरत्या स्पर्धेचा विजेता इटलीचा विजेता ठरला. १९०९ मध्ये परदेशी खेळाडूंना खुली असलेली स्पर्धा जिंकणारा संघ विजेता ठरला. दोन्ही वेळा तो संघ प्रो व्हर्चेल्लीच होता, त्यामुळे यादी वरवर सरळ दिसते. स्पर्धांच्या नावांकडे पाहिलं की मात्र ती उलटीसुलटी होते. "देशी ती खरी" किंवा "खुली ती खरी" असा एकच निकष लावला, तर दोनपैकी एका वर्षी तुमचं उत्तर चुकणार.

क्रीडापानासाठी नोंदी ठेवण्याचं आणि जुन्या स्पर्धांचे निकाल ताडून पाहण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. वादातलं विजेतेपद समोर आलं की मी तीन गोष्टी तपासतो. पहिला चेंडू पडण्यापूर्वी कोणत्या स्पर्धेच्या विजेत्याला कोणता किताब देण्याचं जाहीर झालं होतं? मैदानात प्रत्यक्ष कोण उतरलं आणि कोण घरी बसलं? आणि धुरळा खाली बसल्यावर महासंघाने आपल्या दप्तरात काय लिहिलं? बहुतेक वेळा तिन्हींचं उत्तर एकच येतं. इथे ते तसं येत नाही. का येत नाही हे समजण्यासाठी दहा वर्षं मागे जावं लागेल.

इटलीत फुटबॉल आलं ते बंदरांतून आणि कापडगिरण्यांतून. जेनोआमध्ये इंग्रज व्यापारी आणि बोटींवरचे लोक होते. तूरिन आणि मिलानमध्ये ब्रिटिश कारागीर होते, स्विस व्यापारी होते. जेनोआ क्लब १८९३ मध्ये स्थापन झाला तो इंग्रजांचा क्लब म्हणूनच. तिथे इटालियनांना दार उघडलं गेलं ते काही वर्षांनी, जेम्स स्पेन्स्ली या इंग्रज डॉक्टरच्या पुढाकाराने. मिलान क्लब १८९९ चा. त्याचा मुख्य आधार हर्बर्ट किल्पिन हा नॉटिंगहॅमहून आलेला, कापडाच्या धंद्यातला माणूस. पहिली राष्ट्रीय स्पर्धा ८ मे १८९८ रोजी तूरिनमध्ये एकाच दिवसात उरकली आणि ती जेनोआने जिंकली. १८९८ ते १९०७ या दहा वर्षांत जेनोआने सहा, मिलानने तीन आणि युव्हेंटसने एक विजेतेपद मिळवलं. या तिन्ही क्लबांच्या विजेत्या संघांत परदेशी खेळाडू होते. युव्हेंटसचा १९०५ चा संघही त्याला अपवाद नव्हता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आज "परदेशी खेळाडू" म्हटलं की बाहेरून पैसे देऊन आणलेला व्यावसायिक डोळ्यांसमोर येतो. त्या काळी तसं नव्हतं. हे लोक त्याच शहरात राहत, तिथेच नोकरी किंवा धंदा करत आणि रविवारी हौसेने खेळत. जेनोआचे पास्तूर बंधू स्विस घराण्यातले, पण त्यांचं सगळं आयुष्य जेनोआशी जोडलेलं. अशा माणसाला "तू बाहेरचा" म्हणून वेगळं काढणं हा आजच्या परदेशी खेळाडूंच्या मर्यादेपेक्षा फार निराळा मामला आहे. इंडियन सुपर लीगमध्ये एका वेळी मैदानात किती परदेशी खेळाडू असावेत याची मर्यादा असते. त्यावर आपण वाद घालतो, पण तिथे स्पर्धा एकच असते. इटलीत एका देशात दोन राष्ट्रीय स्पर्धा उभ्या राहिल्या.

दुसऱ्या बाजूला व्यायामशाळांची चळवळ होती, आणि ती नीट पाहिल्याशिवाय हा वाद कळत नाही. इटलीच्या एकीकरणानंतर गावोगावी जिम्नॅस्टिक संस्था निघाल्या. शरीर कमावणं, शिस्त, कवायत आणि देशासाठी तयार असणं हे त्यांचं ब्रीद होतं. त्यांच्या राष्ट्रीय मेळाव्यात फुटबॉलचे सामनेही होऊ लागले. १८९६ मध्ये त्रेव्हिझोच्या मेळाव्यात उदिनेच्या संस्थेने ते जिंकले, म्हणजे महासंघाच्या पहिल्या स्पर्धेच्याही दोन वर्षं आधी. आन्द्रेआ दोरिया आणि प्रो व्हर्चेल्ली हे क्लब याच परंपरेतले. त्यांचे खेळाडू इथलेच, गावातलीच पोरं. त्यांना वाटे की जेनोआ आणि मिलान जोवर इंग्रज आणि स्विस खेळाडूंच्या जोरावर उतरतात, तोवर आपल्या पोरांनी कितीही घाम गाळला तरी वरचं फळ हाती लागणार नाही.

ही तक्रार खोटी नव्हती. तिच्यात राष्ट्राभिमानाचा भाग होता तसा निव्वळ हिशेबही होता. परदेशी खेळाडू गेले तर तीन मोठ्या क्लबांचं बळ एकदम घटणार, हे छोट्या क्लबांना स्पष्ट दिसत होतं. मी या दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या मानतो. कोणी फक्त "राष्ट्रवाद" किंवा फक्त "क्लबांचं राजकारण" असं एकच कारण सांगितलं, तर त्याने अर्धंच चित्र पाहिलं आहे.

१९०७ मध्ये महासंघाने तोडगा काढला. राष्ट्रीय स्पर्धेचे दोन भाग झाले. एक "इटालियन स्पर्धा", फक्त इटालियन खेळाडूंसाठी, बक्षीस बुनी चषक. दुसरी "महासंघीय स्पर्धा", तीत इटलीत राहणाऱ्या परदेशी खेळाडूंनाही जागा, बक्षीस स्पेन्स्ली चषक. पण "इटलीचा विजेता" हा किताब पहिल्या स्पर्धेलाच जोडला गेला. कळीचा मुद्दा हा आहे. परदेशी खेळाडूंना कोणी बंदी घातली नव्हती, त्यांनी खुशाल खेळावं. फक्त त्यांच्या खेळातून देशाचा विजेता ठरणार नव्हता.

मिलान, जेनोआ आणि तोरिनो यांना हे मान्य होणं शक्यच नव्हतं. तोरिनो क्लब १९०६ च्या डिसेंबरात निघाला होता, आणि तो काढण्यात आल्फ्रेड डिक हा स्विस उद्योजक पुढे होता. युव्हेंटस सोडून तो तिकडे गेला तेव्हा परदेशी खेळाडूंचा एक गटही त्याच्याबरोबर गेला. या तिन्ही क्लबांनी १९०८ च्या दोन्ही स्पर्धांवर बहिष्कार टाकला. मागच्या दोन वर्षांचा विजेता मिलानच बाहेर बसला, तेव्हा स्पर्धेची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. लिगुरिया प्रांतातून जेनोआ नाही, लोम्बार्दी प्रांतातून मिलान नाही, पिएमाँत प्रांतातून तोरिनो नाही.

उरलेल्या संघांत इटालियन स्पर्धा झाली. प्रो व्हर्चेल्ली सर्वोच्च श्रेणीत पहिल्यांदाच खेळत होता. त्याने पिएमाँतमध्ये युव्हेंटसला बाजूला सारलं. पुढे मिलान शहरातला दुसरा क्लब यू. एस. मिलानेझे आणि जेनोआ शहरातला आन्द्रेआ दोरिया यांच्याबरोबर झालेल्या अंतिम टप्प्यात तो पहिला आला. महासंघीय स्पर्धा युव्हेंटसने जिंकली.

आता माझे तीन निकष १९०८ ला लावा. जाहीर झालेला किताब इटालियन स्पर्धेचा, म्हणजे प्रो व्हर्चेल्लीचा. महासंघाचं दप्तर प्रो व्हर्चेल्लीच म्हणतं. मैदानातली हजेरी दोन्ही स्पर्धांत सारखीच लंगडी, म्हणून तो निकष कोणाच्याच बाजूने झुकत नाही. उत्तर सरळ आहे. युव्हेंटसचं त्या वर्षीचं यश खरं आहे, चषक खरा आहे, पण ते इटलीचं विजेतेपद नव्हे आणि तसं कोणी आधी म्हटलंही नव्हतं.

त्याच वर्षी मार्चमध्ये मिलान क्लबमधून एक गट फुटला. ९ मार्च १९०८ रोजी रात्री मिलानमधल्या एका रेस्तराँमध्ये त्यांनी नवा क्लब काढला आणि नाव ठेवलं इंटरनात्सिओनाले. परदेशी खेळाडूंना मोकळेपणाने घ्यावं, हा त्या नावातला उघड आग्रह होता. आज आपण ज्याला इंटर म्हणतो तो क्लब या वादाच्या ऐन उकाड्यात जन्मला. किल्पिननेही त्याच वर्षी मिलान सोडलं. १९०७ नंतर मिलानला पुढचं विजेतेपद मिळालं ते थेट १९५१ मध्ये. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या दुष्काळाला एकच कारण देणं बरोबर नाही, पण सुरुवात या फुटीपासून झाली हे नाकारता येत नाही.

१९०९ मध्ये महासंघाने दोन स्पर्धांची रचना तशीच ठेवली. कागदावर "इटालियन विजेता" हा मान अजूनही देशी खेळाडूंच्या स्पर्धेलाच होता. बदलले ते मोठ्या क्लबांचे डावपेच. पहिल्या वर्षी त्यांनी दोन्ही स्पर्धा सोडल्या होत्या. या वेळी त्यांनी खुल्या महासंघीय स्पर्धेत उतरायचं ठरवलं आणि बहुतेकांनी इटालियन स्पर्धेकडे पाठ फिरवली. परिणाम असा झाला की खरी चुरस खुल्या स्पर्धेत गेली. १० जानेवारी १९०९ रोजी मिलान आणि इंटर यांच्यात जो पहिला अधिकृत सामना झाला, तो याच स्पर्धेतला. मिलानने तो ३-२ असा जिंकला. इटालियन स्पर्धा अगदी मोजक्या संघांत उरकली आणि ती युव्हेंटसने जिंकली.

आणि खुली स्पर्धा कोणी जिंकली? प्रो व्हर्चेल्लीने, यू. एस. मिलानेझेला अंतिम लढतीत हरवून. या संघात एकही परदेशी खेळाडू नव्हता.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट, आणि याद्यांत ती कधीच दिसत नाही. ज्यांच्यासाठी कुंपण घातलं होतं, त्यांनी कुंपणाबाहेर जाऊन स्पर्धा जिंकली. पहिल्या वर्षी कोणालाही म्हणता आलं असतं की मिलान आणि जेनोआ नव्हते म्हणून व्हर्चेल्लीची पोरं जिंकली. दुसऱ्या वर्षी ते म्हणायची सोय उरली नाही. व्हर्चेल्ली म्हणजे पिएमाँतमधलं भातशेतीचं छोटं गाव, तूरिन आणि मिलान यांच्या मधोमध. तिथल्या व्यायाम संस्थेत फुटबॉल विभाग १९०३ मध्ये सुरू झाला, तोही मार्चेल्लो बेर्तिनेत्ती या तलवारबाजाच्या पुढाकाराने. पुढे हाच बेर्तिनेत्ती तलवारबाजीत ऑलिंपिक सुवर्णविजेता झाला. व्यायामशाळेतून आल्यामुळे त्या पोरांचा दम मोठा होता. सामना संपत आला तरी त्यांचे पाय चालत राहत. मधल्या फळीत ग्वीदो आरा, ज्युसेप्पे मिलानो आणि पिएत्रो लेओने हे त्रिकूट होतं. १९०८ ते १९१३ या सहा हंगामांत प्रो व्हर्चेल्लीने पाच विजेतेपदं मिळवली, १९२१ आणि १९२२ ची धरून एकूण सात.

पुन्हा तीन निकष लावू. १९०९ च्या जाहीर किताबाप्रमाणे युव्हेंटस इटालियन विजेता. मैदानातल्या हजेरीप्रमाणे प्रो व्हर्चेल्ली, कारण बलाढ्य संघ खुल्या स्पर्धेत होते. महासंघाने पुढे मान्यता दिली तीही खुल्या स्पर्धेच्या विजेत्याला, म्हणजे प्रो व्हर्चेल्लीला. म्हणून अधिकृत यादीत त्याचं नाव आहे. बहिष्कार घालणाऱ्यांचा हेतू सफल झाला, असंच म्हणावं लागेल.

युव्हेंटसचे चाहते १९०९ बद्दल तक्रार करतात तेव्हा मी त्यांना हसण्यावारी नेत नाही. स्पर्धा सुरू होण्यापूर्वी जो मान जाहीर झाला होता तो त्यांनी नियमाप्रमाणे जिंकला, आणि नंतर तो दप्तरातून गळाला. खेळ संपल्यावर नियम बदलणं हा अन्यायच आहे. तरीही विजेता म्हणून मी प्रो व्हर्चेल्लीचंच नाव लिहितो. देशातले ताकदवान संघ ज्या स्पर्धेत एकमेकांसमोर उभे राहिले, तिला राष्ट्रीय विजेतेपदापासून दूर ठेवणं मला पटत नाही. महासंघ किताब देऊ शकतो, पण प्रतिस्पर्धी मैदानात आणल्याशिवाय त्या किताबाला वजन येत नाही. १९०८ मध्ये वजन कोणत्याच पारड्यात नव्हतं म्हणून महासंघाचा शब्द टिकला. १९०९ मध्ये ते एका पारड्यात स्पष्ट पडलं, तेव्हा महासंघालाच आपला शब्द मागे घ्यावा लागला.

अर्थात हे तुम्ही नोंद कशासाठी करता यावरही अवलंबून आहे. राष्ट्रीय विजेत्यांची यादी करायची असेल तर वरचं उत्तर पुरेसं आहे. युव्हेंटस क्लबचा इतिहास लिहायचा असेल, तर १९०८ आणि १९०९ ची दोन्ही यशं लिहिलीच पाहिजेत, फक्त स्पर्धेचं नाव नेमकं देऊन. आणि इटलीतल्या परदेशी खेळाडूंच्या प्रश्नावर लिहायचं असेल, तर विजेत्यापेक्षा कोण खेळलं नाही हीच मुख्य नोंद ठरते.

तुमचा दुसरा प्रश्न, पुढे काय झालं? १९०९-१० च्या हंगामापासून दोन स्पर्धांची पद्धत बंद झाली आणि एकच राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली. शेवटी इंटर आणि प्रो व्हर्चेल्ली बरोबरीत आले आणि निर्णायक सामना ठरला. त्या तारखेला आपले काही खेळाडू दुसरीकडे गुंतले आहेत, तारीख बदला, अशी व्हर्चेल्लीची विनंती होती. ती फेटाळली गेली. २४ एप्रिल १९१० रोजी निषेध म्हणून व्हर्चेल्लीने लहान मुलांचा संघ उतरवला. इंटरने सामना मोठ्या फरकाने जिंकला आणि परदेशी खेळाडूंसाठी जन्मलेला क्लब दोन वर्षांत इटलीचा विजेता झाला. व्हर्चेल्लीवर बंदी आली. त्यामुळे १५ मे १९१० रोजी इटलीच्या राष्ट्रीय संघाने मिलानमध्ये फ्रान्सला ६-२ असं हरवून आपला पहिला सामना जिंकला, तेव्हा देशातल्या सर्वांत भक्कम देशी संघाचा एकही खेळाडू त्यात नव्हता. ती भरपाई पुढे झाली. १ मे १९१३ रोजी बेल्जियमविरुद्ध इटलीच्या अकरा जणांत नऊ जण प्रो व्हर्चेल्लीचे होते. सामना १-० असा जिंकला आणि गोल आराचा होता.

वेगळी देशी स्पर्धा पुन्हा झाली नाही, पण परदेशी खेळाडूंना दार बंद करण्याचा विचार इटलीत वारंवार परतला. १९२६ मध्ये फॅसिस्ट राजवटीत व्हियारेज्जोच्या सनदेने, म्हणजे फुटबॉलच्या नव्या नियमावलीने, परदेशी खेळाडूंवर बंदी घातली. त्याच वेळी परदेशात जन्मलेल्या इटालियन वंशाच्या खेळाडूंना मात्र वाट मोकळी राहिली. लुइस मोंती आणि राइमुंदो ओर्सी हे अर्जेंटिनात जन्मलेले खेळाडू १९३४ चा विश्वचषक इटलीकडून जिंकले ते याच वाटेने. १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाकडून हरल्यावर पुन्हा परदेशी खेळाडूंना बंदी आली, ती १९८० मध्ये उठली. या दोन बंदींची कारणं १९०७ पेक्षा वेगळी आहेत. पहिलीमागे राजवटीचं धोरण होतं आणि दुसरीमागे राष्ट्रीय संघाच्या पराभवाची चीड. त्यांना १९०८ च्या स्पर्धेचा वारसा म्हणून एका माळेत ओवू नका.

प्रश्नमंजुषेसाठी माझी सूचना अशी. "१९०९ चा इटालियन विजेता कोण?" असा प्रश्न विचारू नका. एखादा तयारीचा मुलगा युव्हेंटस म्हणेल आणि त्याच्याकडे पुरावाही असेल. प्रश्न असा ठेवा: "१९०८ मध्ये फक्त इटालियन खेळाडूंसाठी झालेली स्पर्धा आणि १९०९ मध्ये परदेशी खेळाडूंनाही खुली असलेली स्पर्धा, या दोन्ही जिंकून इटलीचा अधिकृत विजेता ठरलेला, एकही परदेशी खेळाडू नसलेला संघ कोणता?" याला एकच उत्तर आहे. यादी छापणार असाल तर दोन्ही वर्षांपुढे प्रो व्हर्चेल्ली लिहा. खाली बारीक अक्षरांत युव्हेंटसची नोंद द्या: १९०८ महासंघीय स्पर्धा, १९०९ इटालियन स्पर्धा.